दोन थापा

चहा संपवा आधी. गार चहा आणि अर्धवट गोष्ट, दोन्ही पोटाला बाधतात.

दिवा मालवा म्हणत नाही मी, असू दे. दार तेवढं लोटून घ्या, गारठा आत येतोय. आणि तू रे, बस चालवायची सोडून आलेला, तू इकडं पुढं ये. भिंतीला टेकून बस. हां, तिथंच. त्या गोणपाटाला पाठ लागली तरी चालेल, स्वच्छ आहे ते.

तर तुमचा तिघांचा आज पहिला दिवस. सकाळपासून एकाच्याही हातात किल्ली दिली नाही, म्हणून मघाशी गेटवर कुणीतरी म्हणालं, "आम्हाला काय गाडी येत नाही का?" ऐकलं मी. कान अजून शाबूत आहेत. या यार्डाची रीतच तशी आहे. पहिल्या रात्री गाडी नाही. पहिल्या रात्री गोष्ट.

हसा. तुमच्या आधीचेही हसले होते. म्हणाल, म्हातारा थापा मारतोय. गोष्ट थापांचीच आहे, पण त्या मी मारलेल्या नव्हेत.

भुतांवर माझा विश्वास आहे का? मी मिस्त्री माणूस. ब्रेकवर जेवढा आहे तेवढाच भुतांवर. स्वतः तपासल्याशिवाय नाही.

घडलं ते माझ्या साडूच्या बाबतीत. आमच्या हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. डिसेंबरातला शेवटचा शनिवार होता, रात्रीची जेवणं उरकली होती आणि धुकं असं की हात लांब केला तर बोटं आपली आहेत का कुणा दुसऱ्याची, ते हलवून बघावं लागे. तशा धुक्यात साडू बल्ब आणायला बाहेर पडला. काम एवढंच. कोपऱ्यावरचं दुकान बंद व्हायच्या आत गाडीच्या मागच्या दिव्याचा बल्ब आणायचा. मी म्हटलं, "अरे, उद्या आण." तर म्हणाला, "नाही, आजच लावतो." त्याच्या तोंडून 'नाही' ऐकून मी हातातला पाना खाली ठेवला.

त्याचं कारण सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल. जाऊ या. आरशात बघत, हळू.

या यार्डात एक मामा होते. सख्खे कुणाचेच नव्हते, म्हणून सगळ्यांचे होते. त्यांचं काम काय, तर गाडी मागं घेताना मागं उभं राहायचं. तुम्हाला वाटेल, हे काय काम झालं? भरलेली गाडी आपण रात्री भिंतीला पाठ लावून उभी करतो, म्हणजे मागचं दार, फाळका, उघडून कुणी माल काढू नये. भिंत आणि फाळका यांच्यात अंतर वीतभर. चालकाला मागचं काही दिसत नाही. ते वीतभर अंतर मामा राखायचे. उजव्या हातात बॅटरी, म्हणून थाप डाव्या हातानं. पत्र्याच्या फाळक्यावर एक थाप म्हणजे ये. दोन थापा म्हणजे थांब. ओरडत कधी नसत. म्हणायचे, "इंजिनापुढं ओरडणं म्हणजे बहिऱ्यापुढं गाणं. पत्रा मात्र बोलतो."

नवा चालक घाबरलेला दिसला की खिडकीशी येऊन सांगायचे, "पुढचं तू बघ, बाबा. मागचं मी बघतो." एवढं ऐकलं की पोरांचे खांदे खाली यायचे. मी पाहिलंय.

आणि मालक? मालक वरच्या काचेच्या खोलीत. तिथून यार्ड सगळं दिसायचं, ऐकू मात्र काही यायचं नाही. उंटावरून शेळ्या. माणूस दुष्ट नव्हता हं, उगाच कुणाच्या अंगावर ओरडत नसे. त्याच्याकडं प्रत्येक दुखण्यावर एकच औषध होतं.

"मालक, मागचा दिवा गेलाय."

"जमवून घे."

"मागं घेताना भोंगा वाजत नाही."

"मामा आहेत की. जमवून घे."

"कालचा चालक झोपला नाहीये."

"मग गाणी लावायची, खिडकी उघडायची. जमवून घे."

आम्ही पाठीमागं त्याला 'जमवूनघे' असंच म्हणायचो. "जमवूनघे आला का रे वर?" "आला, पण जिना चढताना दम लागला." "मग? जमवून घेतला असेल."

आता माझा साडू. त्याला सगळे होयबा म्हणायचे. सासऱ्यांनी आम्हा दोघांना एकच प्रश्न विचारला होता, "पोरीला सुखात ठेवाल ना?" मी म्हटलं, "प्रयत्न करीन." हा म्हणाला, "होय." तेव्हापासून त्या घरात मी वाईट जावई. कुणी काहीही सांगो, याचं होय तयार. अर्धं आयुष्य त्यानं बस चालवली. बसमध्ये कंडक्टरची घंटी असते, तुला माहीतच आहे. एक घंटी म्हणजे?

थांब. बरोबर. आणि दोन?

चल.

आता का गप्प झालास?

साडू इथं आला त्याच संध्याकाळी त्याला गाडी दिली. मी एका बंद पडलेल्या गाडीपाठी लांब गेलो होतो, दुसऱ्या दिवशी परतलो. मामा नव्या माणसाला भेटायला खिडकीशी जायचे, पण त्या दिवशी पाठोपाठ गाड्या लागल्या होत्या आणि वरून काचेवर टकटक चालली होती, आवरा, आवरा. मालकानं साडूला विचारलं होतं, "बस चालवलीस ना? मग ट्रक काय अवघड?" साडू म्हणाला, "होय."

इथं एक थाप म्हणजे काय आणि दोन म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगितलं नाही. सांगायला किती वेळ लागतो? चहाचा एक घोट घ्यायला लागतो तेवढा.

गाडी भिंतीकडं मागं येत होती. मागचा दिवा बंद. मामांनी चाकाला लावायचा लाकडी ठोकळा पायानं सरकवला. तो अडला, म्हणून वाकले. सरळ झाले तेव्हा भिंत पाठीशी होती आणि गाडी छातीशी.

त्यांनी थाप मारली. लगेच दुसरी.

थांब.

साडूनं दोन्ही ऐकल्या. स्वच्छ ऐकल्या. आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं त्याच्या पायानं परस्पर उत्तर दिलं.

चल.

...

पुढचं सांगत नाही. तुम्ही चालक आहात, तुम्हाला कळलं.

चौकशीला अधिकारी आले. मालक साडूच्या शेजारी उभे होते, त्याच्या खांद्यावर हात ठेवून. म्हणाले, "मामांचं लक्ष नव्हतं. थाप वगैरे काही मारलीच नाही त्यांनी. असंच ना रे?"

साडू मला नंतर म्हणाला, "भाऊजी, तो हात खांद्यावर नव्हता. मानेवर होता."

पण म्हणाला काय? होय म्हणाला.

मामींना मालकानं गेटवर काम दिलं. रात्रपाळी. उघडा, लावा, किल्ली सांभाळा. नोकरीबरोबर एक वाक्यही दिलं, तेही चारचौघांत. "तुमच्या माणसाचंच लक्ष नव्हतं हो, तरी आम्ही तुम्हाला वाऱ्यावर सोडलं नाही." तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हा.  मामी एकदा माझ्याजवळ म्हणाल्या, "मुलगी विचारते, बाबा उभ्या उभ्या झोपले होते का गं? काय सांगू तिला? त्यांना तर पाठ टेकल्यावरही झोप लागायची नाही."

 उत्तर होतं ते साडूकडं. आणि साडू रोज त्या गेटमधून जायचा, यायचा. मामी गेट उघडायच्या. तो त्यांच्याकडं बघत नसे.

मग ते सुरू झालं.

एका रात्री तो रिकामी गाडी घेऊन परतत होता. सरळ रस्ता, मागंपुढं कुणी नाही. आदल्या रात्रीही जागा होता. तुम्हाला ठाऊक आहे, झोप अशा वेळी येते म्हणून सांगून येत नाही. डोळे उघडे असतात आणि माणूस आत नसतो. तसा तो निघून गेला होता. आणि मागून...

धप्. धप्.

फाळक्यावर. धावत्या गाडीच्या.

यावेळी पाय ब्रेकवर गेला. गाडी थांबली तेव्हा दिव्यांच्या उजेडात एक बंद पडलेली ट्रॅक्टरची ट्रॉली दिसली. रस्त्याच्या मधोमध, दिव्याविना, मागं खुणेला एक फांदीसुद्धा ठेवलेली नाही. तिच्यात आणि गाडीत अंतर किती होतं, माहीत आहे?

वीतभर.

सकाळी तो माझ्याकडं आला. चेहरा पिठासारखा. "भाऊजी, मामा माझ्या मागं लागलेत."

मी म्हटलं, "फाळक्याची खीळ सैल असेल." खीळ काढली, कापड गुंडाळून घट्ट ठोकून बसवली. फाळका हलवून बघितला. मुंगी शिरायला जागा नव्हती.

चार दिवसांनी पुन्हा आला. "खीळ घट्ट आहे, भाऊजी. थापा तशाच आहेत." उतारावर वेग वाढला की. मोबाइल वाजला आणि हात तिकडं गेला की. डोळा लागला की. दरवेळी दोन. घरी मेहुणी सांगायची, हे रात्री पलंगावर बसून राहतात, दोन्ही पाय जमिनीवर दाबून.

मी त्याला म्हटलं, "मागं लागलेत म्हणतोस. मारायचं असतं तर त्यांनी ट्रॉलीवर जाऊ दिलं असतं की."

 तो म्हणाला, "तेच तर सहन होत नाही."

तर असा हा माणूस त्या शनिवारी धुक्यात बल्ब आणायला गेला होता.

बल्ब मिळाला. खिशात घालून परत येतो, तर मालक खाली यार्डात उभे. गळ्यात मफलर, हातात गाडीची किल्ली. मागं दोन हमाल, घामेजलेले. साडूची गाडी वरूनच माल भरून तयार, भिंतीला पाठ लावून उभी.

"आलास? निघ. सकाळच्या आत माल पोहोचला पाहिजे."

साडू त्याच संध्याकाळी लांबच्या खेपेवरून आला होता. मी पुढं झालो. "मालक, या गाडीचा मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक धरत नाही. दुपारी सांगितलं होतं मी. सकाळी खोलतो. आणि हा माणूस झोपलेला नाही. आणि हे धुकं बघा."

"मिस्त्री, तुम्ही गाड्या दुरुस्त करा. हवामान माझ्यावर सोडा." हमाल हसले नाहीत. मालकांनी किल्ली पुढं केली. "एवढी एक खेप. जमवून घे. काय?"

साडू म्हणाला, "होय."

सवय रे. पायाची तशी जिभेची.

तो वर चढला. दार लावलं. किल्ली फिरवली, इंजिन सुरू झालं, पुढचे दिवे लागले. धुक्यात दोन पिवळे खांब आडवे पडल्यासारखे. त्या उजेडात आम्ही होतो. मी, दोन्ही हमाल, मालक. तिकडं गेटपाशी शाल गुंडाळून मामी, हातात किल्ली. सगळे गाडीच्या पुढं. यार्डात बाकी कुणी नव्हतं.

साडूनं गिअर टाकला.

धप्. धप्.

मी ऐकलं. पहिल्यांदाच मी स्वतः ऐकलं. हमालांनी एकमेकांकडं बघितलं. साडूनं इंजिन बंद केलं. त्याचा चेहरा काचेमागं दिसत होता.

"काय झालं?" मालक म्हणाले.

"मागं कुणीतरी आहे," धाकटा हमाल म्हणाला.

"माल सरकला असेल. चल रे, काढ गाडी."

साडू खाली उतरला. मला वाटलं, पळणार हा. पळाला असता तरी मी दोष दिला नसता. पण तो मालकांच्या जवळून गेला, माझ्या जवळून गेला, आणि सरळ गेटपाशी मामींसमोर जाऊन उभा राहिला. पहिल्यांदा त्यांच्याकडं बघितलं त्यानं.

"मामी, त्यांनी थाप मारली होती."

मामी हलल्या नाहीत.

"काय?"

"थाप मारली होती मामांनी. मी ऐकली होती."

"किती?"

"दोन."

"नक्की?"

"दोन, मामी. ते थांब म्हणाले. मला वाटलं, चल. बसमध्ये दोन म्हणजे चल. मला इथलं कुणी सांगितलं नव्हतं... पण ऐकल्या होत्या मी. आणि नंतर होय म्हणालो."

मागून मालक आले. "काय चाललंय हे? थापा मारू नकोस रे!"

साडू वळला. त्या माणसाचा आवाज मी आयुष्यात एवढा सरळ ऐकला नव्हता.

"थापा मी मारत नाही, मालक. मामांनी मारल्या होत्या. दोन. आणि तुम्ही सांगितलंत एकही मारली नाही. ती तिसरी थाप तुमची."



"हे असलं बोललास तर उद्यापासून कामावर येऊ नकोस."

"नाही आलो तर घरी तरी असेन. आज गेलो तर तेही नाही. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही, मालक. मी ट्रॉलीच्या वीतभर अलीकडं मेलोच होतो एकदा. ही गाडी मी काढणार नाही."

"होयबा..."

"नाही."

मालक मामींकडं वळले. "मामी, गेट उघडा. मी दुसरा चालक बोलावतो."

मामींनी गेटचं कुलूप हातात घेतलं. मला वाटलं, उघडतात. त्यांनी ते ओढून बघितलं, नीट लागलंय ना म्हणून. मग किल्ली कमरेला खोचली.

"नाही उघडत."

"अहो, तुम्हाला नोकरी कुणी दिली?"

"तुम्हीच दिलीत. गेट सांभाळायची. सांभाळतेय."

धाकटा हमाल मामींच्या शेजारी जाऊन उभा राहिला. मग थोरला. मी पाना हातात घेऊनच गेलो, उगाच, हाताला सवय म्हणून. कुणी कुणाला खूण केली नव्हती. गाडी आणि गेट यांच्या मधे आम्ही सगळे एका ओळीत उभे होतो, एवढंच.

मालकांच्या मफलरची एक बाजू सुटली होती. त्यांना ते कळलं नाही. ते हसले. "भुतांच्या गप्पा मारताय? भुतांना दुसरा धंदा नाही का, गाड्या थोपटत बसतील? सरका. मीच काढतो गाडी. बघू कोण थांबवतंय."

आणि चढले की वर. एके काळी चालवायचे ते, गाडी येत होती त्यांना. इंजिन सुरू केलं. दिवे थेट आमच्या डोळ्यांवर. आम्ही हललो नाही. मामींनी शालीतून दोन्ही हात बाहेर काढले आणि समोर धरले. का, ते मला लगेच कळलं नाही. मग कळलं. मीही पाना खाली टाकला, हात समोर धरले. हमालांनीही. साडूनंही.

सगळ्यांचे हात मालकांना दिसत होते. एकूण एक.

गिअर पडला.

धप्.

...

धप्.

इंजिन तसंच घुरघुरत होतं. मालकांनी आरशात बघितलं. मग खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"कोण आहे रे मागं?"

त्यांनी दुसऱ्या बाजूच्या आरशात बघितलं.

"मागं कोण आहे विचारतोय मी!"

मामी म्हणाल्या, "मागं जागाच नाही, मालक."

धुकं दिव्यांपुढून सरकत होतं. मालकांचा हात गिअरवर होता. दिसत होता मला. त्यांनी तरीही क्लच सोडला. जिद्द त्यांच्याकडंही होती. गाडी दोन बोटं पुढं सरली असेल...

यावेळी अख्खी गाडी वाजली. फाळक्यापासून पुढच्या काचेपर्यंत. रिकाम्या पिंपावर घण पडावा तशी. आणि गाडी रिकामी नव्हती रे. ठासून भरलेली होती.

दोनदा.

मग काही नाही.

इंजिन बंद झालं. कुणी केलं, मालकांनी की आपोआप, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. दिवे मंद झाले. किल्ली तशीच ठेवून ते खाली उतरले. उतरताना पायरी चुकली. साडूनं धरलं त्यांना, कोपराला, हलकेच. तेवढं कुणीही केलं असतं.

मालक मामींसमोर आले.  म्हणाले, "मामी, आता... आता हे..."

मामी म्हणाल्या, "आता तुम्ही जमवून घ्या."

आणि गेटचा लहान दरवाजा उघडून बाजूला झाल्या. माणसापुरता.

ते बाहेर गेले. धुक्यात दोन पावलांनंतर दिसेनासे झाले.

त्या रात्री आम्ही कुणी घरी गेलो नाही. इथं, याच खोलीत बसून राहिलो. मामींनी घरी फोन लावला. मुलगी झोपेतून उठली असावी. मामी एवढंच म्हणाल्या, "तुझे बाबा जागे होते गं." आणि फोन ठेवला. मग पदर तोंडाला लावून बसल्या. आम्ही भिंतीकडं बघत राहिलो. थोरल्या हमालानं चहा केला. साखर घालायला विसरला. सगळे प्यायलो.

साडू सोमवारी अधिकाऱ्यांकडं गेला आणि सगळं खरं सांगून आला. जे भोगायचं ते त्यानं भोगलं. मालकांनाही जावं लागलं, तिथंही आणि मामींच्या दारातही. ते बदलले का? माणसं कुठं बदलतात रे? पण त्यांचं टेबल वरच्या काचेच्या खोलीतून खाली आलं, गेटच्या शेजारी, जिथं ऐकू येतं. दिवा गेलेली गाडी तेव्हापासून यार्डाबाहेर पडलेली नाही. न झोपलेल्या माणसाच्या हातात किल्ली पडलेली नाही. मालक कधीकधी "जम..." म्हणतात आणि थांबतात. आणि दोन थापा कुणीही मारो, झाडू मारणारी बाई मारो नाहीतर कुणाचं शेंबडं पोर मारो, गाडी थांबते. आधी थांबते. विचारपूस मग.

साडू गाडी चालवत नाही आता. उद्या सकाळी तुम्ही पहिल्यांदा मागं घ्याल, तेव्हा आधी एक टकलू माणूस बॅटरी घेऊन तुमच्या खिडकीशी येईल आणि म्हणेल, "पुढचं तू बघ, बाबा. मागचं मी बघतो." तोच तो. आता त्याला नाहीबा म्हणतात. घरी मेहुणी म्हणते, जुनाच बरा होता, भाजी आण म्हटलं तर होय तरी म्हणायचा.

काय? त्या गाडीचं काय झालं?

बघ, बसवाल्यानं बरोबर विचारलं. 

सकाळी धुकं विरल्यावर ब्रेक दुरुस्त करून मी स्वतः ती गाडी पुढं घेतली. भिंतीपासून दूर. आम्ही सगळे मागं जाऊन उभे राहिलो. बराच वेळ उभे राहिलो. पुढं ती गाडी म्हातारी झाली, भंगारात गेली. फाळका मात्र मामींनी जाऊ दिला नाही. त्या काय म्हणाल्या, "हा राहू दे. नव्या पोरांना दाखवायला."

कुठं आहे म्हणून काय विचारतोस? तुझ्या पाठीला लागलाय तो.

अरे, उडी काय मारतोस! ऊठ सावकाश. ही घे बॅटरी. गोणपाट काढ. हां, वरून सोडव, खिळ्याला अडकवलंय.

दर शनिवारी मी ओल्या फडक्यानं तो अख्खा पुसतो. घासून पुसतो. आठवडाभरात धूळ बसते, यार्डाची धूळ, कशावर बसत नाही? आज शुक्रवार. बघ, बोट फिरवून बघ, केवढी बसलीय ती. सगळीकडं सारखी.

आता जरा वर धर उजेड. छातीच्या उंचीला.

तिथं बसत नाही. कधीच बसली नाही.

उद्या गाडी मागं घेताना ऐकू आलं, तर कोण आहे ते बघत बसू नका. आधी थांबा...

काय दिसतंय? सांग की, या दोघांना दिसत नाहीये तिकडून.

पंजे. हो.

किती?

आणि नीट बघ. अंगठे कुठल्या बाजूला आहेत?

...

हां. दोन्ही डावे.